व्हिडिओ गेम : जुने आणि नवे – एका खेळाडूचे मत

(काटोल येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाच्या मेळाव्यात व्हिडिओ गेम हा विषय कशाला, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर प्रत्येकाच्या घरात आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. ज्या घरात एकच साधा फोन होता, त्या घरानेही पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी स्मार्टफोन घेतला. पुढे शाळा उघडल्या, परंतु फोन मुलाच्या हातातच राहिला आणि पुस्तकाच्या जागी गेम आला. आता पालक विचारतात, हा गेम चांगला की वाईट? बंद करावा की चालू ठेवावा?

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा पंडितही नाही. मी खेळाडू आहे. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रापासून आजच्या मोबाईलपर्यंत सर्व प्रकार मी खेळलो आहे आणि अजूनही सवड मिळाली की खेळतो. तेव्हा जे बोलेन ते खेळणाऱ्याच्या अनुभवातून बोलेन.

या विषयावर आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. माझ्या वयाची माणसे म्हणतात, आमच्या वेळचे गेम साधे आणि चांगले होते, आताचे सगळे बिघडलेले. मुले म्हणतात, तुमचे गेम म्हणजे चौकोनी ठिपक्यांची चित्रे, त्यांत काय अर्थ? माझ्या मते दोघेही पडद्यावरचे चित्र पाहून निकाल देतात. गेमची खरी पारख चित्रावरून होत नाही. त्या गेमचा गल्ला कोठे आहे, म्हणजे बनवणाऱ्याला पैसा केव्हा आणि कसा मिळतो, ते आधी पाहावे. गल्ला जेथे असतो, तसा गेम घडतो. हा एकच मुद्दा मला आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम नाण्याच्या यंत्रांचा काळ घेऊ. १९७८ साली जपानमध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि १९८० साली ‘पॅक-मॅन’. आपल्याकडे अशी यंत्रे ऐंशी-नव्वदच्या दशकांत पार्लरमधून पोहोचली. नाणे टाकायचे, दोन-तीन जीव मिळायचे, ते संपले की डाव संपला. येथे मालकाचा गल्ला नाण्याच्या फटीत होता. एक मुलगा एका नाण्यावर तासभर खेळत बसला तर मालकाचे नुकसान. म्हणून हे गेम मुद्दाम कठीण केलेले असत. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची गंमत सांगतो. शत्रूची जहाजे जसजशी कमी होत, तसतशी उरलेली वेगाने धावू लागत. मुळात तो यंत्राचा गुण होता. थोडी चित्रे काढायची राहिली की ते यंत्र ती लवकर काढू शके. बनवणाऱ्याने तो वेग तसाच राहू दिला, कारण त्याने डाव रंगत होता.

आपल्या भागातील माझ्या वयाच्या माणसाला ‘मुस्तफा’ म्हटले की लगेच आठवेल. त्या गेमचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली आणला. त्यात निवडायला चार पात्रे होती आणि त्यांपैकी एकाचे नाव मुस्तफा. आपल्या देशात पार्लरमध्ये कोणी ते लांबलचक इंग्रजी नाव घेत नसे. सगळ्या जातिधर्मांची मुले ‘चल, मुस्तफा खेळू’ असेच म्हणत. पडद्यावर बाजू राखणारा गडी आपल्या नावाचा आहे, याचे आमच्या पोरांना केवढे अप्रूप होते, ते मी विसरलेलो नाही. नावाने माणसाला जवळीक वाटते. ज्या मुलाला पुस्तकात किंवा पडद्यावर आपले नाव कधीच सापडत नाही, त्याला ते एका यंत्रात सापडले, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु जुने ते सारे सोने होते असे कोणी समजू नये. पार्लरची खोली अंधारी असे, बिड्या-सिगारेटचा धूर असे, नाण्यावरून हाणामारी होई, शाळेच्या वेळेत दप्तरे कोपऱ्यात पडलेली दिसत. आणि त्या खोलीत मुलगी कधी दिसत नसे. त्याच गेममधल्या चार पात्रांत हॅना नावाची एक स्त्री होती. ती पडद्यावर लढत होती, पण आमच्या बहिणींपैकी एकीलाही दाराच्या आत पाऊल टाकण्याची सोय नव्हती. एक गोष्ट मात्र त्या काळाची चांगली होती. पैसा डोळ्यांदेखत जात असे. खिशातली नाणी संपली की मुलगा आपसूक घरी येई. किती गेले हे त्यालाही कळे आणि घरच्यांनाही.

दुसरा काळ घरच्या टीव्हीचा. टीव्हीला जोडायचे खोके आले आणि त्यात घालायच्या कॅसेट आल्या. त्यांवर हजारो गेमचे आकडे छापलेले असत आणि आत तेच दहा-पंधरा गेम फिरून फिरून निघत. ‘सुपर मारिओ’ १९८५ सालचा, ‘कॉन्ट्रा’ त्यानंतरचा. येथे गल्ला दुकानात होता. कॅसेट एकदा विकली की कंपनीचा पैसा वसूल झाला. त्यानंतर मुलगा दहा मिनिटे खेळो की दहा वर्षे, कंपनीला त्याचे सोयरसुतक नव्हते. म्हणून या गेमला सुरुवात होती, मध्य होता आणि शेवटही होता. ‘सुपर मारिओ’त आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस टप्पे. हा सारा पसारा फक्त चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज मोबाईलने काढलेला एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. ‘कॉन्ट्रा’ सरावलेल्या हाताला अर्ध्या तासात पुरा होई. दोघे भाऊ शेजारी बसत, एक पडला की दुसरा त्याला सांभाळून घेई. शेवटचा शत्रू पडला की दोघे उठून जेवायला जात.

खिशात मावणारा, सेलवर चालणारा ब्रिक गेमही त्याच काळातला. त्यातला मुख्य खेळ म्हणजे ‘टेट्रिस’. मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव या संगणकतज्ज्ञाने तो १९८४ साली तयार केला. या गेमला शेवट नव्हता, विटा पडतच राहत आणि खेळणारा केव्हातरी हरत असे. पण विद्यार्थी मित्रांनो, डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील अवघ्या तेरा वर्षांच्या मुलाने टीव्हीवरच्या जुन्या ‘टेट्रिस’मध्ये १५७ वा टप्पा गाठला आणि गेमच बंद पडला. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा तो गेम होता. पुढे नेण्याची यंत्राची ताकद संपली, मुलाची संपली नाही. जुन्या गेमला हसणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. चित्र साधे असले म्हणून खेळ हलका होत नाही. बुद्धिबळाच्या पटावर तरी चौसष्ट घरांपलीकडे कोठले चित्र असते? आणि त्याच पटावर आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

आता तिसरा काळ, म्हणजे मोबाईलचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि गेम हातोहाती पोहोचला. २०१८ मध्ये ‘पब्जी’ मोबाईलवर आला. ‘फ्री फायर’ आला. हे गेम फुकट मिळतात. पालकांना वाटते, फुकट आहे, खेळू दे. येथेच विचार केला पाहिजे. शेकडो माणसे पगारावर ठेवून बनवलेली वस्तू कोणी फुकट का देईल? नाण्याची फट नाही, कॅसेटचे दुकान नाही, मग गल्ला गेला कोठे? गल्ला गेमच्या आत गेला आहे आणि त्याला दिवस-रात्र कुलूप नाही.

नाण्याच्या यंत्राला वाटे, मुलाने लवकर हरावे. कॅसेटवाल्याला काहीच वाटत नसे. फुकट गेमला वाटते की मुलाने कधीच उठू नये. कारण जो जास्त दिवस राहील, तोच कधीतरी पैसे खर्च करील. म्हणून या गेमला शेवट ठेवलेला नाही. रोज हजेरी लावली की बक्षीस मिळते, एक दिवस चुकला की मालिका तुटते. दर काही आठवड्यांनी नवा ‘सीझन’ सुरू होतो आणि मागच्या सीझनची मेहनत जुनी होते. मैदानात शंभर गडी उतरतात आणि एक किंवा एक टोळी जिंकते. बाकीचे सारे हरतात आणि प्रत्येकाला वाटते, या वेळी थोडक्यात हुकले, आणखी एक डाव. रात्रीचे दोन वाजतात ते असे.

पैशाचे रूपही बदलले जाते. मुलगा रुपये खर्च करत नाही, तो ‘डायमंड’ किंवा ‘यूसी’ खर्च करतो. वडिलांच्या खात्यातून रुपये गेले की त्यांचे डायमंड होतात. त्या डायमंडांचा पोशाख किंवा बंदुकीचा रंग घेताना हे पैसे आहेत याची जाणीव बोथट होते. त्याहून वाईट म्हणजे पेट्या. पेटी विकत घ्यायची, आत काय निघेल ते नशिबावर. भारी पोशाख निघेल किंवा चिंधी निघेल. बेल्जियम देशाने २०१८ साली अशा विकतच्या पेट्यांना जुगारातच गणले. जुगाराविषयी आपल्या घरांत काय शिकवण आहे, ते या सभेत मी सांगावयास नको. परंतु जो बाप पत्त्यांच्या अड्ड्याजवळून मुलाला फिरकू देत नाही, त्याच्याच खात्यावर मुलगा घरात बसून पेट्या उघडत असतो आणि दोघांनाही त्यात वावगे दिसत नाही, ही आजची स्थिती आहे.

आता कोणी म्हणेल, सरकारने बंदी घालावी. सरकारने ‘पब्जी’वर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली, त्याच आदेशात एकूण ११८ ॲप होते. २०२१ मध्ये तोच गेम भारतासाठी नव्या नावाने परत आला. ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, त्याचे ‘मॅक्स’ हे भावंड राहिले. नाव बदलले, गल्ला तसाच राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला, तो मात्र गल्ल्यालाच हात घालणारा आहे. पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो वा कौशल्याचा, या कायद्याने निषिद्ध ठरवला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून एखाद्या घरातला मुलगा यात पैसे गमावून बसला असेल, तर घरच्यांनी भीतीने गप्प राहू नये, तक्रार करावी. तथापि फुकट गेममधील पोशाखांची विक्री म्हणजे पैसे जिंकण्याचा खेळ नव्हे, ती चालूच आहे. तेथे पहारा घरानेच द्यावयाचा आहे.

एवढे ऐकून विद्यार्थी मित्र खट्टू झाले असतील. तेव्हा नव्या गेमची चांगली बाजूही खेळाडू म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, पार्लरचे दार मुलींना बंद होते, मोबाईलचे दार उघडे आहे. भाऊ आणि बहीण आज एकाच टोळीत खेळू शकतात. दुसरी गोष्ट, मुंबईला किंवा आखाती देशांत कामाला गेलेला भाऊ रात्री घरच्यांबरोबर लुडोचा एक डाव टाकू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर खेळला गेलेला ‘लुडो किंग’ हा गेम नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ साली बनवलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या लहान कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम जगापुढे आणला. आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी त्याची नायिका आहे. तो गेम जुन्या कॅसेटप्रमाणे एकदा विकत घ्यायचा आणि पूर्ण करायचा असतो. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा मैदानी गेम आणला. म्हणजे गेम ही आता केवळ परदेशातून येणारी वस्तू राहिलेली नाही. ती आपल्या राज्यात तयार होते आणि तयार करण्यासाठी गणित, चित्रकला, संगीत, कथा आणि भाषा या सर्वांची माणसे लागतात.

काही मुले म्हणतात, आम्ही खेळूनच नाव कमावू. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्‌स प्रदर्शनीय खेळ होता आणि तेथे गुजरातच्या तीर्थ मेहताने कांस्यपदक मिळवले. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत हा पदकांचा खेळ झाला. तेव्हा वाट आहे, हे मी नाकारत नाही. परंतु शंभर जणांच्या मैदानात एकच टोळी जिंकते हा हिशेब तुम्ही रोज पाहता, तोच हिशेब या वाटेलाही लागू आहे. खेळून पोट भरणारे मूठभर असतात. गेम बनवून, त्याची चित्रे काढून, त्याचे तंत्र सांभाळून पोट भरणारे त्याहून कितीतरी अधिक असतात, आणि त्यांचा रस्ता दहावी-बारावीच्या गणितावरूनच जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. परंतु रोज खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो. खेळावर ताबा राहत नाही, अभ्यास, झोप, माणसे यांच्या आधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते, तेव्हा डॉक्टर त्याला आजार म्हणतात. असा प्रकार फार थोड्यांचा असतो. तसे दिसल्यास मारझोड न करता डॉक्टरांकडे न्यावे. इतर मुलांना शिस्त पुरेशी आहे.

ही शिस्त कशी असावी, हे काटोलच्या माणसाला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. आपण संत्र्याच्या मुलखात राहतो. आंबिया बहार घ्यायचा असला की हिवाळ्यात बागेचे पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. पाने मलूल होतात, तरी शेतकरी धीर धरतो. मग पाणी सोडले की फूल येते. ज्या झाडाला बारा महिने पाणी मिळते ते हिरवेगार दिसते, पण त्याला बहार धड येत नाही. आणि जो शेतकरी ताण फार लांबवतो, त्याचे झाडच वाळते. मुलाच्या गेमचेही तसेच आहे. सतत मिळणारा गेम मुलाला वाढू देत नाही आणि कायमची बंदी त्याला घरापासून तोडते. ताण किती आणि पाणी किती, हे झाड पाहून ठरवावे लागते.

पालकांना माझी विनंती अशी. मुलाच्या हातात गेम दिसला की ओरडण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा गेम कोठे संपतो? यात पैसे कोण, केव्हा आणि कशासाठी देतो? आणि तू हा कोणाबरोबर खेळतोस? मुलाला उत्तरे देता आली तर तो गेमचा मालक आहे. देता आली नाहीत तर गेम त्याचा मालक आहे. फोनमध्ये खरेदीच्या वेळी पासवर्ड मागण्याची सोय असते, ती चालू करून घ्या आणि पैसे पाठवण्याचा गुप्त आकडा मुलाला देऊ नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास मुलाशेजारी बसून त्याचा गेम पाहा, जमल्यास खेळा आणि हरा. ज्या घरात अब्बांनी एकदा तरी मुलाबरोबर डाव टाकला आहे, त्या घरात मुलगा पैशाची गोष्ट लपवण्याआधी दहादा विचार करील.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. गेम संपत नसेल तर तुम्ही तो संपवा. बसण्याआधी डाव ठरवा, दोन किंवा तीन, आणि तेवढे झाले की जिंकलेले असा वा हरलेले, उठा. आमच्या वेळी खिशातली नाणी संपत, म्हणून आम्ही उठत असू. त्यात आमचा मोठेपणा नव्हता. तुमच्या वेळी उठवणारे कोणी नाही. तेव्हा जो स्वतः उठतो, तो आमच्यापेक्षा चांगला खेळाडू आहे असे मी मानतो. आणि एक दिवस या सभागृहातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने असा गेम बनवावा, जो पुरा होतो, ज्याचा गल्ला उघड आहे आणि ज्यात आपल्या नावाची माणसे आहेत. तो गेम मी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत देऊन विकत घेईन.